कान तापले पाहिजेत

ज्या गृहस्थाच्या हातचे खाण्यासाठी जबलपूरचा निम्मा गोरखपूर बाजार संध्याकाळी हातगाडीभोवती ताटकळत उभा राहत असे, त्या गृहस्थाने स्वतः शिजवलेला रस्सा कधी चाखून पाहिला नाही. पळी पातेल्यात बुडे, वाफ सोडत वर येई आणि वाडग्यात रिकामी होई; परंतु ती उस्तादांच्या ओठांपर्यंत गेलेली कोणी पाहिलेली नाही. गिऱ्हाइकांना यात रुबाब दिसे. "उस्ताद का हाथ ही तराजू है," असे समोरचे कापडवाले सेठजी मोठ्या अभिमानाने सांगत. खरे कारण काय ते पुष्कळ दिवस केवळ मला आणि उस्तादांच्या पत्नीला ठाऊक होते.

उस्ताद मूळचे दार्जिलिंगकडच्या पहाडातले. पलटणीत आचारी होते, निवृत्तीनंतर जबलपुरातच राहिले आणि मोमो व थुकपा यांची गाडी लावली. थुकपा म्हणजे शेवयांसारख्या लांब नूडल्स घातलेला गरमागरम रस्सा. तो खावा की प्यावा हे प्रत्येकाने आपापल्या शर्टाच्या रंगाकडे पाहून ठरवावे. अंगाने लहानखुरे, डोक्यावर भर मे महिन्यातही लोकरीची टोपी, आणि आवाज असा की कवायतीच्या मैदानावर शोभावा. मोमोच्या तीन मजली भांड्याचे झाकण उचलण्यापूर्वी ते पळीने त्यावर एक टोला हाणीत आणि ओरडत, "पीछे हटो! भाप आ रही है!" वास्तविक त्या हुकमाने कोणीही मागे हटत नसे. उलट सर्वांच्या माना एकदम पुढे येत. झाकण उघडे, पांढरा ढग उसळे, चष्मे आंधळे होत, आणि त्या ढगातून पातळ पारीच्या आतले गाजर-कोबी झळकणारे मोमो दिसू लागत. त्या क्षणी माझ्यासारख्या पोक्त, प्रतिष्ठित मनुष्याच्याही छातीत धडधडत असे, हे नमूद करण्यात मला संकोच वाटत नाही.

माझा परिचय देणे येथे आवश्यक आहे. मी कचेरीच्या आवारात अर्जनवीस म्हणून बसतो. माझे शिक्षण मॅट्रिकच्या उंबरठ्यापर्यंतच झाले, तथापि वकीलमंडळीसुद्धा कैफियतीचा मजकूर मला एकवार दाखवून घेतात. हरकत नोंदविणे हा माझा व्यवसाय आणि स्वभाव दोन्ही आहे. एके संध्याकाळी थुकपा अतोनात खारट झाला होता. मंडळी दोन घोट घेऊन वाडगे मुकाट्याने खाली ठेवीत होती. मी मात्र सर्वांसमक्ष विचारले, "उस्ताद, आज नमक की बोरी गिर गई क्या?"

उस्तादांचा चेहरा उतरला. त्यांनी मला गाडीच्या मागे नेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाबूजी, एक बुखार आया था, उसके बाद नाक भी गई, ज़बान भी गई. पानी और शोरबा मेरे लिए एक है."

"तो भाभीजी से चखवाइए."

"वो? वो हर चीज़ को अच्छा बोलती है. मेरा दिल नहीं दुखाती." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "आप दुखा देते हो. आप रोज़ आइए. बस, किसी को बोलना मत. जिसको स्वाद नहीं आता, उसके हाथ का कौन खाएगा?"

माझ्या सचोटीची इतकी अचूक पारख आजवर कोणी केली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून कचेरी सुटली की स्कूटर थेट बाजाराकडे वळू लागली. गर्दी जमण्यापूर्वी स्टीलचा छोटा वाडगा माझ्या हाती येई. उस्ताद दोन्ही हात पाठीशी बांधून, विश्रामात उभ्या असलेल्या शिपायासारखे, माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहत. माझ्या टेबलासमोर पक्षकार ज्या नजरेने उभे असतात तीच ही नजर. मी एक घोट घेई, डोळे मिटी, आणि काय कमी-अधिक आहे ते सांगे. सर्व यथायोग्य असल्यास फक्त एक शब्द उच्चारी, "मंजूर." तो शब्द कानी पडताच उस्ताद झाकणावर टोला हाणीत आणि बाजार सुरू होई.

एखाद्याची जीभ होणे ही जोखमीची नेमणूक आहे. मी ती मनापासून पार पाडली. रस्सा मला किंचित बोडका वाटे, म्हणून चिंचेचा कोळ सुचवला. मग तिखटाला टोक येते असे जाणवले, म्हणून गुळाचा खडा. पुढे आमच्या घरच्या काळ्या मसाल्याची एक पुडीही मी खिशातून नेऊ लागलो. उस्ताद निमूटपणे सर्व घालीत. गर्दी वाढत गेली. सेठजी तर दुकानातल्या गादीवर बसूनच आरोळी ठोकीत, "उस्ताद, आज ज़्यादा शोरबा!"

एकदा आमच्या सौ.ना मी तेथे घेऊन गेलो. त्यांनी घोट घेतला, माझ्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"अहो, तुम्ही यांना थुकपा शिकवून राहिले का माझी आमटी?"

"तुला पहाडी पदार्थातलं काय कळतं?"

"काहून नाही कळणार? मसाला तर माझाच आहे ना!"

सदर शेरा मी त्यावेळी दप्तरी दाखल करून घेतला नाही.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी उस्तादांनी झाकणावर टोला मारलाच नाही. त्यांच्या जुन्या पलटणीचे कप्तान साहेब जबलपूरला येणार होते आणि रविवारी खास थुकप्यासाठी गाडीवर हजर होणार होते. बर्फातल्या चौकीवर याच उस्तादांच्या हातचा थुकपा त्यांनी एक अख्खा हिवाळा खाल्ला होता.

"बाबूजी, वही स्वाद चाहिए," उस्ताद म्हणाले. "पूरी पलटन में मेरा नाम उसी से था."

"पर मैंने तो वो कभी खाया ही नहीं," मी म्हणालो. "कैसा था वो?"

उस्तादांनी बराच विचार केला. मीठ किती, आले किती, काही सांगितले नाही. टोपी वर सारून त्यांनी स्वतःचे कान धरले. "ऐसा, कि पहले घूँट में कान गरम हो जाएँ. बर्फ़ में सबसे पहले कान मरते हैं ना."

रविवारी दुपारपासून मी गाडीवर ठाण मांडले. आले वाढवले, लसूण वाढवला, पहाडातून आणलेला टिमूर घातला. हे मिऱ्यासारखे दाणे जिभेला मुंग्या आणतात. प्रत्येक घोटानंतर मी कान चाचपीत होतो आणि भाभीजी मोठ्या काळजीने विचारीत होत्या, "हुआ?" अखेर एका घोटाला दोन्ही पाळ्या अशा पेटल्या की मी उभा राहून ओरडलो, "मंजूर! मंजूर!" सेठजी गादीवरून उठून पाहू लागले.

कप्तान साहेब सकाळी भेडाघाट पाहून संध्याकाळी बाजारात उतरले. पांढऱ्या मिशा, ताठ कणा. उस्तादांनी कडक सलाम ठोकला आणि दोन्ही हातांनी वाडगा पुढे केला. साहेबांनी घोट घेतला. थांबले. दुसरा घोट घेतला.

"ये वो नहीं है," ते म्हणाले.

उस्तादांनी उचललेली पळी पुन्हा पातेल्यात सोडली.

"इसमें गुड़ है. इमली भी. ये किसने सिखाया तुमको?"

मी पुढे झालो. छाती काढून सांगणार होतो की, महोदय, सदर फेरबदल माझ्या सल्ल्याने झाला असून तो पूर्णतः गुणदोष पाहून केला आहे. परंतु उस्तादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा त्या कवायतीच्या आवाजात म्हणाले, "साहब, मेरी ज़बान चली गई है. कुछ पता नहीं चलता. ये जो स्वाद है, इन बाबूजी का है. इनके घर का है."

झाले! जे जिवापाड जपले होते ते चव्हाट्यावर आले. मी गर्दीकडे पाहिले. आता एकेक जण वाडगा ठेवून निघून जाणार अशी माझी खात्री झाली. भाभीजींनी तोंड फिरवले.

पहिला आवाज सेठजींचा आला. "अच्छा! तो हम इतने दिन से मराठी आमटी खा रहे हैं?" आणि ते पोट धरून हसले. "चलो, एक प्लेट और लगाओ. पर बाबूजी से मिर्ची का पूछ लेना, कल कम थी!"

लगेच कोणीतरी मागून ओरडले, "और नमक हमसे पूछो, उस्ताद!" मग चटणीबद्दल दोघांचे जुंपले. कप्तान साहेब मात्र वाडगा तोंडाला लावून बसले होते. तळ दिसल्यावर त्यांनी तो खाली ठेवला, हळूच आपला कान चाचपला आणि मिशीत हसले.

"वो तो नहीं है, उस्ताद. पर कान गरम हो गए."

उस्तादांसारख्या पोलादी मनुष्याच्या डोळ्यांत मी प्रथमच पाणी पाहिले. अर्थात समोर वाफ होती, ही बाब त्यांच्या बाजूने नोंदवावी लागेल.

त्यानंतर बाजारातला जो तो चाखण्याच्या हक्कावर दावा सांगू लागला. भाजीवालीने मिठाचा, सेठजींनी मिरचीचा. पहिला वाडगा मात्र अखेरपर्यंत माझाच राहिला. ऊन तापू लागले तशी उस्तादांची लेक त्यांना आणि भाभीजींना पहाडात परत घेऊन गेली. निघताना उस्तादांनी माझ्या हाती टिमूरची पुडी ठेवली. मी काही भाषण करणार तोच म्हणाले, "आपका मसाला खत्म हो गया, बाबूजी. भिजवा देना. वहाँ भी लगेगा." मी दर महिन्याला पाठवतो.

परवा स्वयंपाकघरातून काहीतरी ओळखीचा, नाकात चढणारा वास आला. सौ. आमटी ढवळत होत्या आणि टिमूरची पुडी ओट्यावर उघडी पडली होती. मी हरकत नोंदविणार होतो. त्यांनी पळीभर आमटी वाटीत घालून माझ्यापुढे धरली आणि हात पाठीशी बांधून उभ्या राहिल्या.

"पाहून काय राहिले? सांगा, तापले का कान?"

मी घोट घेतला, डोळे मिटले. मग वाटी पुन्हा पुढे केली.