बैलगाडीवरचा ड्रायव्हर

चाकणच्या बाजारात कांदा आणणारा एक गाडीवान वळताना ट्रकवाल्यासारखा हात बाहेर काढायचा. बैलगाडीला कसला आलाय इशारा! आम्ही हसायचो.

पूर्वी तो ट्रकवरच होता. पिऊन चालवताना त्यानं गावातल्या एका म्हातारीचा पाय मोडला. कोर्टानं तुरुंगात धाडलं, वर लायसनही वर्षभरासाठी काढून घेतलं.

दसऱ्याला ट्रकच्या मालकानं ट्रकला झेंडूचा हार घातला आणि बैलगाडी घेऊन निघालेल्या त्याला रस्त्यातच थांबवलं. "मारुतीपर्यंत तरी ने, गड्या. फौजदार कुठं बघतोय?"

त्यानं खाली उतरून ट्रकच्या चाकाला हात लावला, तो कपाळाला टेकवला. "वरीस सरलं न्हाई अजून," म्हणाला आणि पुन्हा बैल हाकले.

त्याच्या गाडीत ती म्हातारी बसली होती, देवळाला निघालेली. वळण आलं, तेव्हा त्याच्याआधी तिनंच हात बाहेर काढला.