एकट्या गप्पीची पिल्लं

जळगावला मेहरूणच्या बाजूला आम्ही भाड्याने राहायचो, तेव्हा पुढच्या खोलीत ह्यांनी हौसेने माशांची काचेची टाकी ठेवली होती. गप्पींची एक जोडी आणली होती. एप्रिलमध्ये ऊन तापलं, टाकीतलं पाणी हाताला कोमट लागायला लागलं आणि नर मेला. मादी तेवढी एकटी उरली.

मे महिन्यात चुलत नणंदेच्या लग्नाला आम्ही सगळे धुळ्याला गेलो. घराची जास्तीची किल्ली समोरच्या सिस्टरांकडे दिली. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, एकट्याच राहायच्या. त्यांच्याकडेही गप्पी होते, म्हणून मासळीला खाणं घालायचं काम त्यांच्यावर सोपवलं.

परत आल्यावर सासूबाईंनी नेहमीप्रमाणे आधी साखरेचा डबा उघडून पाहिला. कुणाकडे किल्ली राहिली की डबे तपासायची त्यांची सवयच होती. मी टाकीपाशी गेले तर मासळीचं पोट टम्म फुगलेलं. मला वाटलं, आजारी पडली.

सिस्टर किल्ली द्यायला आल्या, तेव्हा त्यांना दाखवलं. त्यांनी वरून, बाजूने नीट पाहिलं.

"आजार असता तर खवले उभे राहिले असते. हिचे अंगाला चिकटून आहेत. आणि हा शेपटीकडचा काळा डाग बघा, किती पसरलाय. दिवस भरत आलेत हिचे."

सासूबाई दारात उभ्या होत्या. सिस्टर गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

"एकली मासोईले पिल्लं कशा व्हतीन?" त्या म्हणाल्या. "किल्ली तिनाजोडेच व्हती ना?"

त्या धुळ्याकडच्या खेड्यातल्या. चिडल्या की बोलणं गावाकडचं व्हायचं. त्यांचं म्हणणं असं की, किल्ली सिस्टरांकडे होती, त्यांनीच आपला नर आमच्या टाकीत सोडला आणि आम्ही यायच्या आधी काढून नेला. असं कुणी कशाला करेल, हे त्यांनाही सांगता येईना. पण टाकीवरची फळी सरकलेली होती, हे त्यांनी मला नेऊन दाखवलं. खाणं घालताना फळी सरकणारच, असं मी म्हणाले खरी, पण माझ्याही डोक्यात किडा वळवळायला लागला. बाईने आपल्या मागे घरात आणखी काय काय केलं असेल? कपाटाचं दार नीट लागलेलं होतं का? मला काही आठवेना.

दुसऱ्या दिवशी सिस्टर पाणवनस्पतीची जुडी घेऊन आल्या. पिल्लांना लपायला जागा हवी, नाहीतर आईच खाते, असं म्हणाल्या. सासूबाईंनी ती जुडी घेतली आणि त्यांच्यादेखतच दारातल्या बादलीत टाकून ठेवली. त्यात काय असेल नसेल ते बघू आधी, असं मला आत येऊन सांगितलं.

आठवडाभरात एका सकाळी टाकीत काहीतरी हललं. नुसते डोळे आणि शेपटी, एवढीच पिल्लं. मी पाहत असतानाच मासळी वळली आणि तिने एक गिळलं. मी चहाच्या गाळणीने तिला उचलून बरणीत टाकलं आणि बादलीतली वनस्पती टाकीत सोडली.

पिल्लांना घालायला उकडलेल्या अंड्यातला बलक लागतो, असं सिस्टरांनी सांगितलं होतं. आमच्या घरात अंडं चालायचं नाही. मी वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या बलक पातळ कापडातून पाण्यात पिळत होत्या, तेव्हा मला राहवलं नाही.

"सिस्टर, तुम्ही आमच्या टाकीत नर सोडला होता का?"

त्यांचा हात थांबला.

"म्हणून ती जुडी बादलीत पडली होती होय," त्या म्हणाल्या. मग पुन्हा कापड पिळत म्हणाल्या, "नराशी एकदा संग झाला की गप्पीला पुढे तीन-चार वेळा पिल्लं होतात. ते बीज ती पोटात साठवून ठेवते. विश्वास नसेल तर तिला वेगळी ठेवा. कुणाला हात लावू देऊ नका आणि बघा."

सासूबाईंनी ते अगदी मनावर घेतलं. मासळीची बरणी स्वयंपाकघरात आपल्या नजरेसमोर ठेवली आणि तोंडाला फडकं बांधलं. पाणी बदलायचं तर शिळं पाणी त्याच काढणार, उन्हात ठेवलेलं नवं त्याच ओतणार. मला जवळ येऊ देत नव्हत्या. बहुधा मीही संशयितांत जमा झाले होते.

महिनाभराने पोट पुन्हा टम्म फुगलं, डाग पसरला. एका दुपारी पोळ्या लाटता लाटता त्यांनी मला हाक मारली. बरणीत पिल्लं होती. त्या कितीतरी वेळ फडक्याच्या गाठीकडे बघत राहिल्या. गाठ त्यांनीच बांधलेली होती.

संध्याकाळी त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि एकट्याच समोर गेल्या. बोलणं काय झालं ते मला कळलं नाही. परत आल्या तेव्हा हातात वाटी होती, बलक कालवलेल्या पाण्याची. आमच्या स्वयंपाकघरात अंडं आलं ते तेव्हा, पहिल्यांदाच.

सिस्टर नंतर आमच्याकडे आल्या, पण पूर्वीसारख्या सरळ आत येत नसत. उंबऱ्यापाशी थांबून, "येऊ का?" असं विचारायच्या. वर्षभराने त्यांची चाळीसगावला बदली झाली, तोपर्यंत रोज विचारत राहिल्या.