न झालेल्या नातजावयाचं वाण

माझ्या नातजावयाला मी धोंड्याचं वाण दिलं, पाय धुतले, टॉवेल-टोपी दिली, आणि मग कळलं की तो माझा नातजावई नाहीच.

चूक कशी झाली ते सांगतो. माझी नात सोनी सांगलीत कॉलेजला समाजशास्त्र शिकवते. तिचा बाप, म्हणजे माझा पोरगा, मुंबईला. एक दिवस त्याचा फोन आला, "आबा, सोनीनं आमचं नाक कापलं. कुणी निखिल हाय, त्याच्याबरं माधवनगरात ऱ्हाती. आमच्या लेखी ती मेली." मी समजलो, कोर्टात लगीन केलं असंल. पुढं विचारलं नाही. (कापलेल्या नाकाचा तपशील फोनवर कोण विचारतो?)

त्यानंतर माझी बायको हौसा गेली. पोरगा तेराव्याचं जेवला आणि मुंबईला गेला. सोनी मात्र मला माधवनगरला घेऊन गेली, मोतीबिंदू काढला. माझ्या डोळ्यात औषधाचे थेंब घालायचा तो निखिल. हात असा हलका, की हौसानं पण इतक्या मायेनं घातले नसते. एका डोळ्याला पट्टी आणि दुसऱ्यात अजून मोतीबिंदू, त्यामुळं पोरीच्या गळ्यात काय आहे, काय नाही, ते मला दिसलं नाही.

हौसाची एक इच्छा राहिली होती. धोंड्याचा महिना आला की नातजावयाला आपल्या हातचे तेहतीस अनारसे द्यायचे. तो महिना आला आणि मी दोघांना गावाला, माण तालुक्यात बोलावलं. धाकट्या भावाची, तात्याची, बायको म्हणाली, "आवं, अनारसं मी करती की."

"न्हाई. आमच्या घरचं वाण हाय. मीच करणार."

केले. तुपात टाकला की अनारसा विरघळून कढईभर पसरायचा. बायका त्याला अनारसा हसला म्हणतात. माझे सगळेच हसले. शेवटी खरवडून ताटात ढीग केला, वर दिवा ठेवला आणि भावकीदेखत ताट निखिलच्या हातात दिलं.

तात्यानं सहज विचारलं, "मग जावईबापू, लगीन कुठं लावलं?"

पोरगं सरळ. म्हणालं, "लावलं नाही अजून."

भावकीनं माझ्याकडं बघितलं. मी निखिलच्या पायाकडं. पायाचं पाणी अजून वाळलं नव्हतं.

सोनीनं मग सगळ्यांना कॉलेजातल्यासारखं समजावलं. "तात्या, आधी शेतीला हात लागायचे, म्हणून घरचे लगीन लावून द्यायचे. आता पोरी कमावतात. लगीन लांबणीवर जातं. शहरात कोण कुणाला विचारत न्हाई. म्हणून माणसं आधी एकत्र राहून बघतात."

"म्हंजे बैल औताला जुपून बघायचा, आन मग इसार द्यायचा?" तात्या म्हणाला.

"तसंच समजा."

"यात बैल कोण?"

निखिलनं गुपचूप हात वर केला. कुणी हसलं नाही. तात्या माझ्याकडं वळला. "दादा, ताट माघारी घे. नातं न्हाई तर वाण कसलं?"

सोनीनं पिशवी उचलली. "चल निखिल," म्हणाली. बापाचं दार तिला बंद झालंच होतं. आता हे दार पण गेलं, तर पोरीनं यायचं कुठं? आणि माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून राहिलेलं. (हे पण मनात आलं. खोटं कशाला बोलू?)

"पिशवी ठेव," मी म्हटलं. "तात्या, माझं लगीन तू बघितलंस न्हवं? वरात, वाजंत्री, सगळं झालं. अंगाची हळद निघाली न्हाई तवर मी मुंबईला गोदीत हमालीला. हौसा हितं, मी तिथं. शिमग्याला यायचो, पाव्हण्यागत. ती झोपंत बडबडती ह्ये मला म्हातारपणी कळलं. आमचं लगीन व्हतं पर एकत्र न्हवतो. ह्यांचं उलटं हाय. एकत्र का न्हाई, असं आमाला कुणी इचारलं न्हाई, मग लगीन का न्हाई, असं ह्यांलाच का इचारायचं? दिलेलं वाण माघारी घ्यायचं नसतं."

तात्या कुरकुरला, "आन ह्याला म्हणायचं काय?"

"निखिल म्हण. नाव हाय की त्याला."

सोनी डोळं पुसत हसली. निखिलनं चमचा मागितला आणि तो अनारशाचा चुरा सगळा खाल्ला. हौसाच्या मनातल्या नातजावयानं खाल्ला असता का, देव जाणे.

आता मी त्या दोघांकडंच असतो. लय सुखात ठेवलंय. मागं घरमालकीण आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "या घरात लगीन झालेलं कोण हाय का न्हाई?"

मी हात वर केला.

"मग बायको कुठाय?"

मी बोट वर केलं. बाई जिन्याकडं बघायला लागली. "वरच्या मजल्यावर? मग खाली का येत न्हाईत?"

म्हटलं, "आमची पद्धतच तशी हाय, बाई. लगीन झाल्यापास्नं ती एकीकडं आन मी एकीकडं."