दुखायचा थांबलेला गुडघा

सुया टोचून घेतो म्हणून गावातले लोक मला विचारतात, दुखता काय रे? शिंगाळा माशाचा काटा तळहातात मोडून घेतलेल्या माणसाला हे विचारतात. तो काटा एकदा लागला की भलाभला माणूस दुसऱ्या दिवसापर्यंत आईचं नाव घेत लोळतो. डॉक्टरीणबाईंची सुई केसाएवढी. ती आत गेली हे मला कळलंसुद्धा नाही, मी विचारलं, कधी टोचणार, तर म्हणाल्या, टोचून झाल्या.

आम्ही रापणकर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, दोन्ही दोरांना माणसं लागतात आणि मागे मागे पावलं टाकत ओढतात. ओढत वर पोचलेला माणूस दोर सोडतो, खाली पाण्याशी जातो आणि परत धरतो. ओल्या वाळूत टाच रोवायची, गुडघा ताठ करायचा आणि सगळं अंग मागे टाकायचं. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी हेच करत आलो. दुसरं काही मला येत नाही, आणि आलं असतं तरी केलं नसतं.

उजवा गुडघा आधी नुसता वाजायचा. मग सुजायला लागला. मग सकाळी परसाकडे बसायची पंचाईत झाली, आणि शिमग्यानंतर मी दोर धरायचा बंद झालो. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने फोटो काढला आणि म्हणाला, हाडावर हाड घासतंय, वाटी बदलू. मी विचारलं, मग रापण ओढता येईल? तो हसला. "काका, आता आराम करायचा." माझ्या तोंडात काय आलं ते इथे लिहीत नाही. मला आराम नको होता. मला रापणीवर परत जायचं होतं, बाकी जगात काही नको होतं, आणि नेमकं तेवढंच त्याच्याकडे नव्हतं.

बायको बाजारात मासे विकते. तिच्या एका गिऱ्हाईक बाईंचा गुडघा कणकवलीला सुया टोचून उतरला होता. घरी येऊन तिने माझा पिच्छाच पुरवला. मी म्हटलं, सुयो टोचून खंय हाडा जुळतत? तर म्हणते, "गेल्याशिवाय कसा कळतला? सुयोच टोचतत, खिळे ठोकणत नाय."

एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर दवाखाना. गुडघ्यांचा दवाखाना आणि वर जायला जिना, कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे. कठड्याला धरून, एकेका पायरीला शिवी हासडत मी वर गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी गुडघ्याखाली उशी दिली, वाटीच्या भोवती सुया लावल्या, एक नडगीच्या बाहेरच्या अंगाला खाली. जड वाटलं की सांगा, म्हणाल्या. मग सुयांना चिमटे लावून एक लहान यंत्र सुरू केलं, तर मांडीचं मांस आपलं आपण उडायला लागलं, टोपलीतली ताजी कोळंबी उडते तसं. मला हसूच आलं.

बाईंनी मला फसवलं नाही, हे सांगायला हवं. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "काका, सुयांनी दुखणं कमी होईल. झिजलंय ते भरून येणार नाही. मांडीत जोर यायला व्यायाम करा. आणि तरीसुद्धा वाळूतलं ओढायचं काम जमेल, असं मी म्हणणार नाही." मी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं. आमच्यात दुखणं हाच रोग. अंग मोडून आलं की माणूस पडतो, मोडायचं थांबलं की उठून होडीवर जातो. दुखायचं थांबलं आणि तरी माणूस बरा झाला नाही, असं आमच्या घरात कधी कोणाचं झालेलं मी ऐकलं नव्हतं.

पावसाळाभर गेलो. सुरुवातीला काही फरक नाही, बायकोवर चिडचिड करायचो. मग एकदा परतीच्या एसटीत जागा मिळाली नाही, आणि घरी येऊन चप्पल काढताना लक्षात आलं की आपण सगळी वाट उभे होतो आणि गुडघ्याची आठवणच झाली नाही. मी बायकोला हाक मारली आणि तिच्यासमोर पाटावर मांडी घालून बसून दाखवलं. ती डाव हातात घेऊन तशीच उभी. "देव पावलो," म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. त्या दिवशी मी किती खूश होतो ते आता आठवूसुद्धा नये असं वाटतं. व्यायामही चुकवला नाही. पडवीत बसून, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन दाबायचो. येणारे-जाणारे म्हणायचे, व्यायामशाळा काढलंस काय रे? काढलंय म्हणायचो, नाव घाल तुझां.

गणपती गेले, समुद्र निवळला आणि रापण सुरू झाली. तांडेल, म्हणजे रापणीचा मुख्य, हा माझा चुलत भाऊ, माझ्याहून लहान. मी किनाऱ्यावर जाऊन सांगितलं, "बरो झालंय." त्याने माझ्या तोंडाकडे न बघता गुडघ्याकडे बघितलं. "धर मगे," म्हणाला.

धरला. हाताला दोर लागला आणि मला भरून आलं. ओढलं, वर गेलो, खाली आलो, परत धरला. खरंच दुखत नव्हतं. मनातल्या मनात बाईंना हात जोडले. मग जाळं जवळ आलं आणि दोराला भार आला. पाण्यावर काळपट पट्टा दिसायला लागला, बांगडा होता, चांगला होता. सगळे ओरडायला लागले. मी टाच रोवली, अंग मागे टाकलं, आणि पाय नव्हता. म्हणजे दुखला नाही, कळ आली नाही, काहीच नाही. नुसता माझ्याखालून निघून गेला. मी आडवा झालो, माझ्या मागचा माझ्यावर पडला, त्याच्या मागच्याच्या हातून दोर सुटला. रापणीची एक बाजू ढिली पडली की जाळ्याची खालची कड तळापासून उचलते. बांगड्याला तेवढी फट पुरते. पट्टा आमच्या डोळ्यांदेखत जाळ्याबाहेर गेला आणि खोल पाण्यात दिसेनासा झाला.

रापणीवर शिवीशिवाय बोलणं नसतं. ज्याचा पाय घसरला त्याच्या आवशीपासून सात पिढ्यांचा उद्धार होतो, मग तो वयाने कितीही मोठा असो. ह्याच भावाने मागे एकदा सबंध किनाऱ्यासमोर मला असं सोलून काढलं होतं की पर्यटकांतल्या बायका लांब जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्याच दुपारी आम्ही मांडीला मांडी लावून जेवलो. म्हणून आता मी वाळूत बसून त्याच्या शिव्यांची वाट बघत होतो. तो आला. माझ्या पाठीची वाळू हाताने झटकली. "लागला नाय मां खंय, दादा? बस तू थंय सावलेत," म्हणाला. इतक्या मऊ आवाजात तो त्याच्या आईशीसुद्धा बोलत नाही. मग तिथे उभ्या असलेल्या एका अर्ध्या चड्डीतल्या पर्यटकाला त्याने सांगितलं, "या, तुम्ही धरा." त्या पर्यटकाने माझ्या जागी दोर धरला, उरलेलं जाळं ओढलं, आणि त्याच्या बायकोने मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला.

एक शिवी घातली असती तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

संध्याकाळी भावाची बायको आमचा वाटा घेऊन दाराशी आली. जाळ्यात आलेल्यातले बरे बरे बांगडे निवडून आणले होते. ओढणारा आपला वाटा किनाऱ्यावरून स्वतः उचलून आणतो. घरी पोचवतात तो आजाऱ्याचा किंवा विधवेचा. चांगली रीत आहे, मीच किती घरी पोचवला असेन. माझ्या बायकोने टोपली घेतली आणि बांगड्यांचं झणझणीत तिखलं केलं. मी भात तेवढा खाल्ला.

आणि गुडघा काही दुखेना. इतक्या जोरात पडलो तरी दुखेना. बसून दाबला, पायरीवर मुद्दाम जोरात टेकवला. दुखत होता तोवर मी लोकांना आणि स्वतःलाही सांगत होतो, हे एवढं थांबलं की चाललो. आता थांबलं होतं. आता कशाची वाट बघायची? बायको म्हणे, दुखणा गेला ह्या काय कमी आसा? तिचं खरं आहे. पण मला रात्रंदिवस वाटतं, ह्यापेक्षा दुखत होता तेच बरं होतं.

नंतरच्या मंगळवारी गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "किती दुखतंय काका?" आणि मी बोलायच्या आधी गुडघा वाकवून, चाचपून स्वतःच म्हणाल्या, "छान आहे की. आता सुया थांबवायला हरकत नाही."

"नाही नाही," मी म्हटलं, "दुखतो. रात्रीचा फार दुखतो."

त्यांनी वाटीच्या बाजूला बोट दाबलं. "इथे?"

"हां. थंयच."

त्यांनी बोट काढलं, गुडघ्याखाली उशी सरकवली आणि पाकिटातून सुया काढल्या.

घरी येताना एसटीतून उतरलो तर भाऊ नाक्यावर मोटारसायकल लावून उभा. खंयसून, म्हणाला. "सुयो घेवन इलंय. अजून दुखता रे. दुखणा थांबला काय येतंय ओढूक."

"ये निवांत," तो म्हणाला. "तुझी जागा खंय जाता?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही त्याच्याकडे बघितलं नाही. गाडीवर बस म्हणाला, तसा बसलो, आणि त्याने मला घरापर्यंत सोडलं.