योरुन आत्या पाण्यात उतरली

योरुन आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. उत्तर नॉर्वेतल्या आमच्या खाडीत हेरिंग मासळी यायची त्या वर्षांत ती मासळीच्या कारखान्यात कामाला होती. सकाळी सहा ते दुपारी दोन, रबरी एप्रन लावून मासे चिरायचे, साफ करायचे, मिठात घालायचे. तिची सुरी अशी चालायची की नव्या मुली स्वतःचं काम सोडून बघत उभ्या राहायच्या आणि मुकादमाची बोलणी खायच्या. तिचे यजमान एडविनकाका गेले तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. मुलगा ओस्लोला. घरात ती एकटी, आणि आमच्या घरापासून शंभर पावलांवर.

ऑक्टोबर सरत आला की हेरिंग खाडीत शिरायची. किती, ते आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. पाण्यावर तेलाचा तवंग यायचा, हवेला मासळीचा वास यायचा, समुद्रपक्ष्यांनी आभाळ भरून जायचं. हेरिंगच्या मागोमाग ओर्का, काळे-पांढरे शिकारी देवमासे, यायचे. आमच्याकडे त्यांना स्टाउर म्हणतात, म्हणजे कुंपणाचा खांब. नराच्या पाठीवरचा काळा पर लांबून तसाच दिसतो. मी शाळेत जायची तेव्हा रस्त्यावरून त्यांचे फुत्कार ऐकू यायचे. आम्ही पोरं मागे वळूनही बघत नव्हतो. आपल्या अंगणात दुसऱ्याची गुरं चरताहेत, इतकंच ते वाटायचं. बाबांच्या तरुणपणी तर मच्छीमार त्यांच्यावर बंदुका चालवत. आपली मासळी खाणारा तो आपला वैरी, असा साधा हिशेब होता.

एका हिवाळ्यात स्टेलान नावाचा एक स्वीडिश माणूस आला. त्याला ओर्कांसोबत पोहायचं होतं. दुकानात ही बातमी पसरली तेव्हा लोक मनसोक्त हसले. स्वीडिश आहे, चालायचंच, असं सगळ्यांचं मत पडलं. पण बाबांची बोट त्या वर्षी मोकळी होती, म्हणून ते त्याला घेऊन गेले. तो पाण्यात उतरला, तासाभराने वर आला आणि बोटीच्या तळाशी बसून हसत राहिला. बाबा घरी येऊन आईला म्हणाले की या माणसाला एक तर वेड लागलंय, नाहीतर आपल्याला कळत नाही असं काहीतरी त्याला कळलंय.

स्टेलानचा रबरी पोशाख गळ्यापाशी फाटला होता. तो दुरुस्त कुठे करायचा? कुणीतरी आत्याचं नाव सांगितलं, कारण गावातले गमबूट आणि बरसात्या तीच चिकटवून द्यायची. तिने तो पोशाख स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला, उलटसुलट करून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी असा चिकटवून दिला की पाण्याचा थेंब आत जाईना.

तिथून सगळं सुरू झालं. पुढच्या वर्षी स्टेलान आठ माणसं घेऊन आला, त्याच्या पुढच्या वर्षी चाळीस. बाबा कप्तान झाले, मी वाटाडी, आणि आत्या आमच्या नौकाघरात लोकांना पोशाख चढवायला लागली. कारखाना तिने सोडला. आत लोकरीचे दोन थर, गळ्याला आणि मनगटांना पावडर, मग चेन. चेनवर ती मेणबत्तीचा तुकडा घासायची. कुणाची ढेरी आड आली तर हसू न दाबता सांगायची, ‘‘श्वास सोड रे राजा, दुपारपर्यंत परत घेऊ नकोस.’’ डॉक्टर असो की न्यायाधीश, तिच्यासमोर सगळे हात वर करून लहान मुलासारखे उभे राहायचे.

ती स्वतः कधी पाण्यात उतरली नव्हती. तिला पोहताच येत नव्हतं. बाबांनाही येत नव्हतं. आमच्या गावात त्यांच्या वयाच्या कुणालाच येत नव्हतं. समुद्रात पडलास तर थंडीच मारते, मग पोहण्याने नुसता वेळ लांबतो, असं जुने लोक मानायचे.

चार हिवाळे असेच गेले. बोटीवरही ती सोबत असायची. लोक पाण्यातून वर यायचे तेव्हा त्यांच्या डोक्यावरची टोपी ओढून काढायला आत्याच पुढे असायची. त्यामुळे जे काही सांगायचं ते तिलाच पहिल्यांदा सांगितलं जायचं. कुणी रडायचं, कुणी तिला मिठी मारायचं. एकदा एक जर्मन ट्रकवाला आला, अवाढव्य, हातावर गोंदलेलं. तो वर येऊन बाकावर बसला. आत्याने कॉफी हातात दिली. ती संपवून त्याने विचारलं, ‘‘तुम्ही पहिल्यांदा पाण्यात गेलात तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?’’

आत्या म्हणाली, ‘‘तुमच्यासारखंच.’’

त्या एका शब्दाने तिला फार छळलं. आठ दिवसांनी ती मला म्हणाली, ‘‘तुरिड, मी त्या माणसाशी खोटं बोलले. तो इतका खरा बोलत होता, आणि मी खोटं बोलले.’’

मी म्हटलं, त्याला काय कळणार आहे?

जानेवारीपासून ती दर गुरुवारी फेरी पकडून तालुक्याच्या गावी जायला लागली. तिथे शाळेचा पोहण्याचा तलाव होता. मोठ्यांचा वर्ग नव्हताच, म्हणून दुसरीतल्या मुलांबरोबर तिला घेतलं. चौपन्न वर्षांची बाई, फुलाफुलांची रबरी टोपी घालून, सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत. गावात टिंगल व्हायचीच. दुकानदार विचारायचा, योरुन, गृहपाठ झाला का? ती म्हणायची, झाला, पण बाईंनी तुझीही चौकशी केली, कधी येतोस म्हणून. मे महिन्यात तिला एक प्रमाणपत्र मिळालं, वर सीलचं चित्र असलेलं. ते तिने फ्रिजवर लावलं.

नोव्हेंबरमध्ये एक दिवस डेन्मार्कचे दोघे ताप आल्यामुळे आले नाहीत. पाण्यात उतरणाऱ्यांत दोन जागा मोकळ्या होत्या. आत्याने इतरांना पोशाख चढवले आणि मग शेवटचा राहिलेला स्वतः चढवायला घेतला. मी तिची चेन लावली.

दुपारी बाराचा सुमार. त्या दिवसांत आमच्याकडे सूर्य डोंगराच्या वर येत नाही, मागून येणारा निळा उजेड होता तेवढाच. समोर पक्ष्यांचा गोंधळ चालला होता आणि त्याखाली सात-आठ काळे पर गोल फिरत होते. बाबांनी इंजिन बंद केलं आणि हातात दोर घेऊन आले.

‘‘हा कमरेला बांध.’’

‘‘हागबार्ट, मी काय बकरी आहे?’’ आत्या बाबांना म्हणाली.

‘‘दोर नाही तर शिडी नाही.’’

स्टेलानने समजावलं की एवढी मोठी जनावरं फिरत असताना दोर लावणंच धोक्याचं आहे. बाबा ऐकेनात. आत्या त्यांच्याजवळ गेली आणि हळूच काहीतरी बोलली. काय ते मला ऐकू आलं नाही. बाबांनी दोर खाली ठेवला, शिडी लावली आणि तोंड फिरवून उभे राहिले. शिडीवरचा त्यांचा हात मात्र सुटला नाही.

आम्ही दोघी हात धरून उतरलो. तोंड पाण्यात घातलं की आधी काही दिसत नाही, नुसता हिरवा अंधार. मग खवले दिसतात. हेरिंगचे हजारो खवले, चांदीची भुकटी उधळावी तसे, हळूहळू खाली जाणारे. आवाज सगळीकडून येतात, शिट्ट्या, कुरकुर, दार करकरावं तसे. आत्याची मूठ माझ्या हातावर इतकी घट्ट होती की माझी बोटं दुखायला लागली.

मग हेरिंगचा गोळा वर आला. घराएवढा, जिवंत, वळणारा, चकाकणारा. त्याच्याभोवती ओर्का फिरत होते, पांढरी पोटं दाखवत, त्याला आवळत. एकाने शेपटी मारली. तो ठोका आमच्या छातीत बसला. भोवळ आलेली मासळी खाली पडायला लागली आणि ते एकेक उचलून खायला लागले, सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखे. एक मादी पिल्लाला घेऊन आमच्याकडे वळली. दोन हातांवरून गेली. जाताना तिने मान जराशी कलती केली आणि तिचा डोळा दिसला.

तेव्हा आत्याने माझा हात सोडला. घाबरून नव्हे. तिला आता हाताची गरज नव्हती, बस्स. ती तिथे एकटी तरंगत राहिली, हात पसरून, पंधरा-वीस मिनिटं.

शिडी चढून वर आली तेव्हा बोटीवरचे सगळे वाट बघत होते. मी तिची टोपी ओढली. केस विस्कटलेले, ओठ निळे. तिच्या उजव्या हातमोज्यात एक हेरिंग होती. भोवळ येऊन खाली चाललेली, तिच्या हाताला लागली तशी तिने उचलली होती. इतकी वर्षं मासळीत काढलेली बाई चांगला मासा वाया कसा जाऊ देणार?

बाबा म्हणाले, ‘‘सांग ना. काय पाहिलंस?’’

‘‘आधी तवा ठेव,’’ आत्या म्हणाली.

बोटीच्या छोट्या शेगडीवर तो मासा पीठ लावून तळला आणि अकरा जणांनी वाटून खाल्ला. प्रत्येकाला घासभर आला. ख्रिसमसच्या आधी आई आणि आत्या लेफ्सा, बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटत बसल्या होत्या तेव्हा आईने सहज विषय काढला, आणि आत्या लाटणं न थांबवता म्हणाली, ‘‘तिने माझ्याकडे पाहिलं. मी कोण, काय, तिला काही पडलेली नव्हती. पाहिलं आणि गेली आपल्या कामाला. मला ते फार बरं वाटलं.’’

त्यानंतर सात हिवाळे ती उतरली. आठवड्यातून एकदा तरी. परांवरच्या खुणांवरून ती त्यांना ओळखायची आणि कारखान्यातल्या माणसांची नावं द्यायची. वाकड्या पराच्या नराला तिने मुकादमाचं नाव दिलं होतं. मुकादमाला ते कळलं तेव्हा तो महिनाभर तिच्याशी बोलला नाही, पण आपली नातेवाईक मंडळी घेऊन तो ‘मुकादम’ दाखवायला बोटीवर आला मात्र. ते हिवाळे आठवले की मला आधी नौकाघर आठवतं. ओल्या लोकरीचा वास, छताला टांगलेले पोशाख, कॉफीची काळी किटली, बाबा आणि स्टेलान यांची हवामानावरून चाललेली भांडणं. आम्हाला वाटायचं, हे असंच चालू राहणार.

मग एका वर्षी हेरिंग आली नाही. आधी आम्ही म्हटलं, उशीर झाला असेल. लांबून आलेली बारा माणसं होती. चार दिवस बोट फिरवली, एक पर दिसला नाही. आत्याने मोठं भांडं भरून मासळीचं कालवण केलं, त्यांना पोटभर जेवू घातलं आणि ती माणसं गेली. पुढच्या वर्षीही तेच. हेरिंगने वाट बदलली होती. का, ते शास्त्रज्ञांनाही नीट सांगता आलं नाही. स्टेलान परत गेला. बोट विकली. बाबा वारले. शाळा बंद झाली. खाडी तशीच राहिली, सुंदर आणि मुकी. आत्या म्हणायची, आता इतकं शांत असतं की घड्याळ ऐकू येतं.

बऱ्याच वर्षांनी हेरिंग पार उत्तरेला, श्येर्वे गावाच्या आसपास सापडली, आणि ओर्काही. मी दर हिवाळ्यात तिकडे वाटाडी म्हणून जायला लागले. आत्या सत्त्याहत्तर वर्षांची असताना मी तिला बोलावलं. दिवसभर बसने प्रवास करून ती आली, मांडीवर घरी भाजलेल्या वॉफलचा डबा. बोटीवर गेलो तर आजूबाजूला आणखी वीस बोटी, पाण्यात माणसांची डोकीच डोकी. तरुण कप्तानाने तिला खुर्ची दिली, घोंगडी दिली. पाण्यात जायचं का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, गुडघा नको म्हणतो, आणि मलाही गर्दी नको.

तिथल्या संशोधक मुलीकडे फोटोंची वही होती, एकेका ओर्काचा पर टिपलेली. काही जण पूर्वी आमच्या खाडीत दिसलेले आहेत, असं तिने सांगितलं. आत्या चष्मा लावून दुपारभर ती पानं उलटत बसली. एक-दोन ठिकाणी थांबली. मी विचारलं, कुणी ओळखीचं?

‘‘नक्की नाही सांगता येत गं,’’ ती म्हणाली. ‘‘उगाच हो कशाला म्हणू?’’

तीन दिवसांसाठी आलेली ती नऊ दिवस राहिली. रोज बोटीवर यायची, खुर्चीत बसायची आणि इतरांनी दुर्बिणी लावल्या तरी स्वतः डोळे मिटून फुत्कार ऐकायची. दहाव्या दिवशी तिला बसमध्ये बसवलं. खाडीच्या बाजूची खिडकी तिने आधीच पकडली होती. पुढच्या हिवाळ्यात ये, मी म्हटलं. ती म्हणाली, तब्येतीने साथ दिली तर बघू.

ती पुन्हा आली नाही. आता ती तालुक्याच्या वृद्धाश्रमात असते. तिला आधी दिलेल्या खोलीच्या खिडकीतून डोंगर दिसायचा. तिने तक्रार केली, कुणाला ना कुणाला रोज सांगत राहिली, आणि शेवटी वैतागून त्यांनी तिला पाण्याकडची खोली दिली.