नापास टरबुजांचा ढीग

टरबूज कापलं की आतून लाल निघेल, नाही तर पांढरं. दोनच गोष्टी. म्हणून लाल निघण्याची शक्यता अर्धी. हा हिशेब मी स्वतः मांडला आणि भरल्या मांडवात नातेवाइकांसमोर बोलूनही दाखवला. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची होते, म्हणजे लहान होते म्हणून सोडून द्यावं अशीही सोय नाही. दोन वर्षांपूर्वीची ती शहाणी बाई आठवली की मला अजून हसू फुटतं. त्या एका अर्ध्यापायी तिनं पंचेचाळीस वर्षं जपलेला सूड आपल्याच हातानं नासवत आणला होता.

सूड उगवायचा होता भासऱ्यांवर. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. टरबूज ठोकून आतला रंग सांगणारा माणूस अशी त्यांची साऱ्या नात्यागोत्यात ख्याती. दोन बोटांनी टकटक करायचे, डोळे मिटायचे, कान जवळ न्यायचे. आम्ही बाकीचे श्वास रोखून उभे.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी माहेराहून, पारशिवनीहून, येताना नदीच्या वाळूतल्या मळ्यातून एक टरबूज आणलं. स्वतः निवडलं. निवडलं म्हणजे भासऱ्यांची नक्कल करत टकटक केलं आणि डोळे मिटले. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. पण नव्या नवरीचा तोरा असतो ना, ऐकू आल्यासारखी मान हलवली. घरी पाहुणे बसले होते. ताटातून फोडी बाहेर आल्या त्या दुधी भोपळ्यासारख्या पांढऱ्या. भासरे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पारशिवनीच्या पोरीले टरबूज निवडता येत नाही, मंग हिले दुसरं काय निवडता येईन?"

सगळे हसले. माझा नवराही हसला, ते मी वेगळं लक्षात ठेवलं. मी न्हाणीघरात जाऊन रडले आणि बाहेर येऊन सगळ्यांना चहा केला. केवढी गुणाची सून. आज ती मला भेटली तर तिच्या हातातला चहा मी आधी सांडून टाकीन.

ते वाक्य मग घरातच राहायला आलं. पडदे असोत, कूलर असो, मुलांची शाळा असो, मी काही निवडलं की कोणीतरी म्हणायचं, पाहा हो, पांढरं निघायचं. नवरा भला माणूस, पण तोही म्हणायचा, एकदा दादाले विचारून घेऊ. माझ्या लेकीचं कॉलेजसुद्धा भासऱ्यांच्या टकटकीवर ठरलं. मी हसून घेत गेले आणि एकेक टाचणी आत खोचून ठेवत गेले.

नात कॉलेजात गेली आणि तिला संख्याशास्त्र लागलं. घरातला चांगला कूलर माझ्या खोलीत, म्हणून ती गणितं सोडवायला तिथंच यायची. थैलीत पाच लाल आणि पाच पांढरे चेंडू आहेत, न पाहता एक काढला तर लाल येण्याची शक्यता किती, असली गणितं. मला चेंडूंत काही रस नव्हता. मी म्हटलं, चेंडूंच्या जागी टरबुजं टाक, मग समजेल. तिनं टाकली. मला झपाझप समजायला लागलं.

पुढे परिकल्पनेची चाचणी आली. नातीनं समजावलं की आधी धरून चालायचं, समोरच्याला काही येत नाही, जे जमतं ते नुसत्या नशिबानं. मग पाहायचं, नुसत्या नशिबानं एवढं जमणं किती कठीण आहे. फारच कठीण असलं तरच मानायचं की त्याला काही येतं. मी पलंगावर उठून बसले. माणसाला काही येत नाही इथूनच सुरू होणारी विद्या. भासऱ्यांच्या बाबतीत मी ते केव्हाचं धरून बसले होते, फक्त त्याला एवढं भारदस्त नाव आहे हे माहीत नव्हतं.

मग मी तिच्याकडून नाण्याचं गणित करून घेतलं. दहा वेळा नाणं उडवलं तर नऊ किंवा दहा छापे पडण्याची शक्यता एक हजार चोवीसात अकरा, शंभरात एकाच्या आसपास. आठपासून धरलं तर शंभरात पाचाच्या किंचित वर. नातीच्या पुस्तकातली रेषा पाचाची, शक्यता त्याखाली आली तरच ते नशीब नव्हे. म्हणजे भासऱ्यांनी दहातली नऊ लाल काढली तरच त्यांना मानायचं. हे सगळं मी दुसऱ्यांदा माझं मी सोडवलं आणि बरोबर आलं. कशासाठी हवंय ते मात्र नातीला सांगितलं नाही. सूड आपला आपण घ्यावा असा बाणा.

मे महिन्यात भासऱ्यांच्या पणतीचं बारसं होतं. त्यांच्या मुलाचं वाडीला ट्रान्सपोर्टचं गोडाऊन, त्यामुळे कळमन्याच्या फळबाजारातून टेम्पोभर टरबुजं आली आणि मांडवात ढीग लागला. जेवणं आटोपल्यावर मी उभी राहिले, माझा अर्ध्याचा हिशेब सांगितला आणि पैज मांडली. दादाजींनी ठोकून दहा काढावी. नऊ लाल निघाली तर मी हात जोडते. कमी निघाली तर त्यांनी माझ्याबद्दलचं ते वाक्य परत घ्यावं.

त्यांनी विचारलं, कोणतं वाक्य?

त्यांना आठवतच नव्हतं. इतक्या वर्षांचा माझा राग, आणि त्याच्या मालकाला पत्ता नाही. मी ते शब्दन् शब्द म्हणून दाखवलं.

भासरे ऐंशीचे, पण टकटक अजून तशीच. पसंत पडलेली दहा एका बाजूला ठेवली, ठोकून नापास केलेली भिंतीकडे लोटली. त्यांच्या मुलानं तिथंच सगळ्यांसमोर कापायला घेतलं. नऊ लाल. दहावं तेवढं फिक्कट.

मला हात जोडावे लागले. भासरे म्हणाले, पोरी, अनुभव लागते. सदुसष्टाव्या वर्षी मी पोरगी झाले आणि वर टाळ्याही पडल्या.

नात पेपर देऊन दुपारी पोचली. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. तिनं सांत्वन वगैरे केलं नाही. एवढंच विचारलं, की अर्धी शक्यता आणली कुठून? मी म्हटलं, लाल नाही तर पांढरं, दोनच तर गोष्टी.

"आजी, उद्या नागपुरात ऊन पडन, नाही त बर्फ पडन. दोनच गोष्टी. तुहं स्वेटर काढून ठेवू का?"

मग तिनं सांगितलं की थैलीतले पाच-पाच चेंडू पुस्तकानं दिले होते, या ढिगात पाच-पाच आहेत हे कोणी दिलं? आजकालच्या बियाण्यात बहुतेक लालच निघतात. न ठोकता किती लाल निघतात ते आधी पाहायला हवं होतं. तेच मी पाहिलं नव्हतं.

मी भिंतीकडे पाहिलं. नापास झालेली सगळी तिथंच पडून होती.

नातीची ओढणी डोळ्यांवर बांधून घेतली आणि मांडवाच्या मधोमध, चाचपडत, त्या नापासांतली दहा उचलली. कोणी ठोकायचं नाही, अशी सक्त ताकीद. भासऱ्यांच्या मुलानं पुन्हा सुरी घेतली. पहिलं लाल, दुसरं लाल. सहाव्याला पोरं ओरडायला लागली. दहाच्या दहा लाल, रस हातावरून ओघळत होता.

मी एक फोड घेतली, भासऱ्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि सावकाश, बिया मोजून काढाव्यात तशी खाल्ली. मग विचारलं, दादाजी, हे नापास काहून झाले होते? ते म्हणाले, भोंग्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. मी म्हणणार होते की मी तुमच्यापेक्षा एकानं पुढं आहे, पण नातीनं मागून चिमटा काढला आणि कानात सांगितलं की एकाच्या फरकाला काही अर्थ नसतो. विद्येचा मान म्हणून गिळलं. वाक्य तेवढं मागितलं. तोंडात फोड असतानाच ते म्हणाले, घेतलं वापस.

खरं सांगते, जेवढं गोड लागेल वाटलं होतं त्याहून जास्त गोड लागलं.

पाहुणे पांगल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. भासऱ्यांची बायको, माझी थोरली जाऊ, सालपटं टोपल्यात भरत होती. मी अजून मिरवतच होते. म्हटलं, आताचं बियाणं लाल निघतं ते समजलं, पण आपल्या वेळी तर कितीतरी पांढरी निघायची. तेव्हा दादाजींच्या ताटात कधीच पांढरं कसं आलं नाही? जाऊबाईंनी मान वर केली नाही.

"त्यायनं आणलेले पांढरे निघाले की मी मागच्या दारानं गाईपुढे टाकत होती, अन् दुसरं कापून ताट बाहेर धाडत होती. तुहं बी टाकता आलं असतं वं. पण म्हटलं, जाऊ दे एखादं बाहेर. नाही त लोकायले वाटन, या घरात पांढरं कधी निघतच नाही."