फर्नेसकाकांचा फिल्टर

फर्नेसकाका पाहुण्यांना आधी तळघर दाखवत आणि मग बसायला सांगत. ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत, नोव्हाय गावात नवा होतो. त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा चहा हातात येण्याआधीच मला त्यांच्या फर्नेससमोर उभं करण्यात आलं. दसरा नुकताच झाला होता. घर गरम करणाऱ्या त्या पत्र्याच्या कपाटाला हळदकुंकू लागलेलं होतं आणि वर झेंडूचा हार वाळत होता. "खाली वाक. ज्योत बघ. निळी आहे ना? निळी म्हणजे तब्येत ठणठणीत. पिवळी झाली की समजायचं, काहीतरी बिनसलंय." मी वाकलो. गावात आलेला प्रत्येक मराठी इंजिनियर तिथं एकदा वाकलेला आहे.

काका मोटार कंपनीत इंजिनं डिझाइन करत. त्यामुळे घरी दुरुस्तीला माणूस बोलावणं म्हणजे पदवी परत करणं, असं त्यांचं मत. पंख्याच्या मोटरला तेल देणं, पट्टा बोटानं दाबून बघणं, हे सगळं ते रविवारी आंघोळ करून करत. घर किती तापवायचं ते ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. काकूंना थंडी सोसत नसे. "स्वेटर हा सगळ्यात स्वस्त हीटर," असं म्हणून काका स्वतःच हसत.

त्या हिवाळ्यात काकू एक साडी शोधत होत्या. त्यांच्या आईची, सुती नऊवारी, धुऊन धुऊन मऊ झालेली. आई गेली तेव्हा काकूंना भारतात जाता आलं नव्हतं. नंतर कुणीतरी येताना ती साडी तेवढी आणून दिली होती. कपाटं, बॅगा, सगळं उपसून झालं. काकांनी मदत म्हणून वस्तू जागच्या जागी ठेवण्यावर व्याख्यान दिलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलं आणि नेमकी फर्नेस रुसली. पेटायची, धापा टाकायची, बंद पडायची. बायका पैठणीवर कोट चढवून तिळगूळ खात होत्या. "डॅड, जस्ट कॉल समबडी!" काकांची मुलगी ओरडली. बायकांना पोचवायला आलेल्या आम्हा नवऱ्यांना काका समजावू लागले, "आतून फार तापली की ती सेफ्टीसाठी आपोआप बंद होते. हवा कमी पडतेय. म्हणजे फिल्टर चोंदला. पण माझा फिल्टर चोंदणं इम्पॉसिबल. दुकानातल्यापेक्षा दसपट बारीक विणीचा आहे."

"विणीचा?" काकूंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्या तळघरात गेल्या. मागोमाग आम्ही.

त्यांनी फिल्टरची चौकट ओढून काढली. पुठ्ठ्याच्या चौकटीत धुळीनं काळं झालेलं कापड ताणून बसवलं होतं. एका कडेला हिरवा काठ दिसत होता. शेजारच्या फळीवर बाकीची साडी होती. मापात कापलेले चौकोन, एकावर एक रचलेले, पुढच्या सगळ्या थंडीची बेगमी.

"जुनी होती गं. मला वाटलं, चिंधी आहे," काका म्हणाले.

"दसपट बारीक," एवढंच म्हणून काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि रडल्या. मला त्या माणसाचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता. कापड निघाल्यावर फर्नेस निमूट चालू लागली, पण त्याचं कुणालाच बरं वाटलं नाही.

काकूंनी त्या चौकोनांची गोधडी शिवली. काळा चौकोन न धुता बरोबर मधोमध लावला, आणि गोधडी आपल्या खुर्चीच्या पाठीवर टाकली, काकांना समोर दिसेल अशी. काकूंनी सूड असा घेतला, आणि काकांनीही तो मुकाट्यानं अंगावर घेतला. तेव्हापासून ते दर महिन्याला नवा फिल्टर विकत आणत आणि बसवायच्या आधी काकूंपुढे धरत. "दुकानातला आहे." काकूंनी मान हलवली की मग तळघरात जात. आम्ही वर्षानुवर्षं यावर हसलो.

काकू गेल्या, त्यानंतरच्या हिवाळ्यात मी काकांना भेटायला गेलो. घर इतकं गरम होतं की मला स्वेटर काढावा लागला. त्यांनी मला तळघर दाखवलं नाही. नवा फिल्टर हातात घेऊन ते गोधडीच्या खुर्चीपुढे गेले आणि त्यांनी तो समोर धरला.

"दुकानातला आहे," ते म्हणाले, आणि जिना उतरले.